इंजिनचं काम झाल्यावर जुना पिकअप पकडत नसेल तर

इंजिनचं काम करून आणलेला पिकअप पकडत नसेल तर मी मालकाला आधी एकच गोष्ट विचारतो: मिस्त्रीनं काय काय खोललं होतं? चालता चालता बंद पडलेल्या गाडीत बिघाड टाकीपासून सायलेन्सरपर्यंत कुठंही असू शकतो. काम झालेल्या गाडीचं तसं नसतं. परवापर्यंत ती धूर सोडत का होईना, चालत होती. मध्ये कोणाचा तरी हात लागला आणि आता ती सुरू होत नाही. म्हणजे दोष बहुतेक वेळा जिथं पाना लागला तिथंच असतो. एवढं डोक्यात पक्कं धरलं की निम्मा शोध संपतो, आणि नवी बॅटरी, नवा सेल्फ, नवा पंप असं अंदाजानं बदलत बसावं लागत नाही.

मी नागपुरात पारडीच्या बाजूला डिझेलच्या लोडिंग गाड्यांचं काम करतो. कळमना मार्केट जवळ, म्हणून येणाऱ्या गाड्याही तशाच: भाजीपाला, मिरची, धान्य आणि हंगामात संत्रा वाहणाऱ्या. मालक तोच ड्रायव्हर, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातातली. अंबिया बहराचा संत्रा ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणीला येऊ लागतो, म्हणून काटोल-नरखेडकडचे लोक पावसाळ्यातच इंजिन बांधून घेतात. अशा वेळी गाडी आठ दिवस जास्तीची उभी राहिली की भाडं दुसऱ्याला जातं आणि बागवानाशी जमलेला व्यवहारही जातो. हे लिहितो आहे ते अशा माणसासाठी, ज्याच्या दारात नुकतंच बांधलेलं इंजिन उभं आहे आणि त्याला कळत नाही की आता कोणाला बोलवावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांबद्दल आहे. बॉनेट उघडा. पंपातून चार जाड लोखंडी पाइप निघून सरळ चार नोझलवर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांवर) जात असतील तर ही तुमच्या गाडीची गोष्ट आहे. ते पाइप आधी एका आडव्या जाड नळीत जात असतील आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर वायरचं सॉकेट असेल, तर ती कॉमन रेल आहे. तिचे पाइप घरी सैल करू नका. तिथं दाब हजार बारच्याही वर जातो आणि बारीक चीर पडलेल्या पाइपातून निघालेली डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते.

सेल्फ मारण्याआधी

गाडी पकडत नाही म्हटल्यावर लोक दोन गोष्टी करतात. पंधरा-वीस मिनिटं सेल्फ मारत राहतात, आणि मग ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करतात. काम झालेल्या इंजिनला टोचन करणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. टायमिंगचा दात चुकून बसलेला असेल तर सेल्फवर इंजिन निदान हळू फिरतं. टोचन केल्यावर चाकं त्याला जोरानं फिरवतात आणि पिस्टन सरळ व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) मध्ये जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जागा उरते. व्हॉल्व्ह वाकतो, कधी पुशरॉड वाकतो, कधी पिस्टनला भोक पडतं. हेड गॅसकेटचं काम झालं असेल तर दुसरा धोका: सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं. पाणी दबत नाही. पिस्टन त्यावर आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हजारांत सुटणारं काम लाखाकडं जातं. म्हणून बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होईपर्यंत दोर गाडीत टाकून ठेवा.

आधी हातानं फिरवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली गुटका, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढच्या खालच्या पुलीच्या) बोल्टवर सॉकेट आणि लांब टॉमी (दांडा) लावा आणि इंजिनच्या नेहमीच्या दिशेनं सावकाश दोन पूर्ण फेरे द्या. दोन फेरे का, तर चार स्ट्रोकचं चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं. नवीन रिंग, नवीन लायनर असेल तर जोर लागेल, पण तो जोर रबरासारखा वाढतो आणि थोडं थांबलं की हवा सुटून सैल पडतो. हे कॉम्प्रेशन आहे, चांगलं लक्षण आहे. पण टॉमी एका जागी येऊन खट्कन थांबत असेल, लोखंडावर लोखंड लागल्यासारखी, तर तिथंच थांबा. उलटं फिरवून बघा. दर वेळी त्याच जागी अडत असेल तर व्हॉल्व्ह किंवा आत पडलेला एखादा नट. आत साचलेलं पाणी किंवा डिझेलही असंच अडवतं. अशा वेळी चारही नोझल काढा, भोकांवर जुना कपडा टाका, तोंड बाजूला ठेवून हातानं फिरवा. आत जे साचलं असेल ते बाहेर येईल.

"इंजिन नवीन बांधलं आहे, टाइट आहे, चालून चालून मोकळं होईल" हे वाक्य तुम्ही नक्की ऐकाल. त्यात थोडं खरं आहे. पण ज्या इंजिनला चांगल्या टॉमीनं एक माणूस फिरवू शकत नाही, ते टाइट नाही, चुकीचं बांधलं आहे. बेअरिंगची साइज, थ्रस्ट वॉशर किंवा रिंगचा गॅप, यातलं काहीतरी राहिलं आहे, आणि ते चालवून मोकळं होत नाही, जळतं.

सेल्फ हळू फिरतो किंवा नुसता टक्क करतो

इथं मी बॅटरीकडं नंतर बघतो, आधी अर्थिंगची पट्टी शोधतो. इंजिन खाली उतरवताना चासीला जाणारी विणलेली जाड पट्टी काढावी लागते. चढवताना ती लावायची राहते, किंवा लावतात पण रंगावर लावतात. इंजिन बांधल्यावर त्याला चांदी किंवा निळा रंग मारायची पद्धत आहे, मालकालाही ते नवं दिसतं. रंगातून करंट जात नाही. बोल्ट काढा, पट्टीचं टोक आणि इंजिनवरची जागा दोन्ही पॉलिश पेपरनं पांढरी होईपर्यंत घासा आणि घट्ट कसा.

पट्टी नीट आहे की नाही याची एक सोपी खूण आहे. दहा सेकंद सेल्फ मारून लगेच ॲक्सिलरेटरच्या आणि स्टॉपच्या केबलला हात लावा. केबल गरम लागली, तर सेल्फचा दोन-तीनशे अँपिअर करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परत चालला आहे. जाड पट्टी काम करत नाही. मल्टिमीटर असेल तर आणखी पक्कं होतं: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. तीच तपासणी पॉझिटिव्हच्या बाजूनं, बॅटरीच्या टर्मिनलपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत करा.

बॅटरी आराम करत असताना १२.६ व्होल्ट असली तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊन ९.५ कडं घसरत असेल तर आधी चार्ज करा. गॅरेजच्या मागे महिनाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरणारच. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहिली असेल तर वायरिंगमध्ये उंदीर आहे का तेही बघा, विशेषतः डॅशबोर्डच्या खाली.

सेल्फची गती ही डिझेलमध्ये साधी बाब नाही. इथं स्पार्क प्लग नसतो. हवा एवढी दाबली जाते की तिची जागा सतरा-अठरा पट कमी होते, जुन्या हीटर प्लगच्या (थंडीत आतली हवा तापवणाऱ्या विजेच्या प्लगच्या) इंजिनात वीस-बावीस पट, आणि ती ५०० अंशांच्या आसपास तापते. डिझेल त्या तापलेल्या हवेत पेटतं. सेल्फ रेंगाळला तर दबलेली हवा रिंगांच्या बाजूनं सुटते, उष्णता लोखंडात मुरते आणि डिझेल पेटत नाही. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हे फार जाणवतं. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि मध्ये दोन मिनिटं जाऊ द्या.

सेल्फ जोरात फिरतो, पण पकडत नाही

आता एका माणसाला चावीवर बसवा आणि तुम्ही सायलेन्सरच्या मागे उभे राहा. धूर बघा. पुढची सगळी वाट तो धूर दाखवतो.

धूर मुळीच नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. टाकीत डिझेल आहे ना, हे आधी स्वतः झाकण उघडून बघा, काट्यावर विश्वास ठेवू नका. मग स्टॉपचा लिव्हर. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर ओढायची मूठ असते आणि तिची केबल पंपावरच्या लिव्हरला येते. काम करताना ती केबल काढतात आणि लावताना आखूड बसते, त्यामुळं लिव्हर अर्धवट स्टॉपकडं ओढलेलाच राहतो. केबल काढा, लिव्हर हातानं चालू बाजूला पूर्ण ढकला, सेल्फ मारा. एवढ्यानंच पकडलेल्या गाड्या मी खूप पाहिल्या आहेत. ज्या रोटरी पंपावर स्टॉपची सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका) आहे, तिथं चावी फिरवल्यावर पंपाजवळ टक्क आवाज यायला हवा. नसेल तर तिच्या टोकावर टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागत नसेल तर वायर सुटली आहे. दिवा लागतो पण टक्क होत नसेल तर सोलेनॉइड गेली.

यानंतरही धूर नसेल तर लाइनमध्ये एअर धरली आहे. पंप, फिल्टर, नोझल, काहीही खोललं की हवा आत जाते, आणि ती पूर्ण काढल्याशिवाय डिझेल इंजिन पकडत नाही, कारण पंप हवाच दाबत बसतो. हवा काढायचा एक क्रम आहे आणि तो पाळावाच लागतो: टाकीकडून इंजिनकडं.

फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दीड फेरा सैल करा. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) किंवा फिल्टरवरचा हातपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच, हातपंप दाबलेला ठेवून स्क्रू कसा. सैल सोडून मग कसलात तर हवा परत आत ओढली जाते. हेच पंपावरच्या स्क्रूवर करा. त्यानंतर नोझलच्या बाजूचे चारही पाइपचे नट एक-एक फेरा सैल करा, बहुतेक गाड्यांवर १७ चा पाना लागतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगा. आधी थेंब, मग झटक्या-झटक्यानं डिझेल येईल. ज्या पाइपातून स्वच्छ झटका आला तो कसत जा. तिसरा-चौथा कसताना इंजिन दोन-तीन सिलिंडरवर धडपडत उठतं. त्या वेळी हात आणि तोंड पाइपापासून लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि आजूबाजूला कोणी विडी पेटवणार नाही हे बघा.

हवा काढली, गाडी सुरू झाली, आणि मिनिटभरात बंद पडली किंवा सकाळी परत पकडली नाही, तर हवा कुठून तरी येते आहे. सगळ्यात आधी बँजो बोल्टचे (ज्या पोकळ बोल्टमधून डिझेल जातं त्याचे) तांब्याचे वॉशर बघा. प्रत्येक बोल्टला दोन लागतात, एक वर, एक खाली, आणि एकदा दबलेला वॉशर परत नीट बसत नाही. नवीन मिळाला नाही तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि एक वेळ चालून जातं. रबरी पाइपही बघा. इथल्या मे महिन्यात बॉनेटखालचं रबर भाजून निघतं, बाहेरून ठीक दिसतं आणि क्लिपच्या खाली बारीक तडकलेलं असतं. त्यातून डिझेल गळत नाही, कारण तिथं ओढ असते, दाब नसतो. फक्त हवा आत जाते. म्हणून पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी लावून बघा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

टाकीकडची लाइन दोषी आहे की नाही, हे ठरवायचा माझा आवडता उपाय म्हणजे कॅन. दवाखान्यात सलाईन टांगतात तशी पाच लिटरची स्वच्छ डिझेलची कॅन बॉनेटच्या वर टांगा, तिची नळी सरळ फिल्टरला जोडा, आणि रिटर्नची नळी (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) त्याच कॅनमध्ये सोडा. गाडी मजेत चालू लागली तर पंप, नोझल, टायमिंग सगळं ठीक आहे. दोष टाकीची जाळी, झाकणाचं श्वासाचं भोक, किंवा मधली पाइपलाइन यांत आहे. पंपाचा हजारोंचा खर्च ठरवण्याआधी ही कॅन एकदा टांगाच.

आणि एक बारीक चूक, जी शोधायला लोकांचे दिवस जातात. बऱ्याच रोटरी पंपांवर रिटर्नच्या बँजो बोल्टला आत अगदी बारीक भोक असतं आणि डोक्यावर 'आउट' असं कोरलेलं असतं. पंपात दाब टिकून राहतो तो या भोकामुळं. येणाऱ्या बाजूचा बोल्ट बाहेरून तसाच दिसतो. दोन्ही अदलाबदल झाले तर पंपाला डिझेल पुरत नाही, गाडी एक तर पकडत नाही, नाही तर पकडून दम तोडते. पंप खोलून परत बसवला असेल तर हे दोन बोल्ट हातात घेऊन उजेडात बघा.

पांढरा धूर

भकाभका पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. म्हणजे डिझेल पोचतं आहे पण पेटत नाही. हीटर प्लगची गाडी असेल तर आधी ते तपासा: वरची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे. चारपैकी दोन गेले असतील तर थंडीत गाडी छळणारच. डायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल सरळ पिस्टनच्या खड्ड्यात फवारणाऱ्या) गाडीला नागपूरच्या हवेत हीटरची फारशी गरज पडत नाही, तिथं कारण दुसरं शोधा.

त्यात पहिलं कारण पंपाचं टायमिंग. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा पंपाचा एक होतो. म्हणून क्रँक पुलीवरची खूण बरोबर जुळलेली असूनही पंप एक पूर्ण फेरा चुकीचा बसू शकतो, म्हणजे कॉम्प्रेशनच्या ऐवजी एक्झॉस्टच्या वेळी डिझेल मारतो. हे पडताळायला टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) झाकणारं कव्हर काढा. एक नंबरचा पिस्टन वर, खूण जुळलेली. आता एक नंबरचे दोन्ही टॅपेट हातानं थोडे हलायला हवेत, आणि चार नंबरचे दोन्ही दाबात असायला हवेत, एक व्हॉल्व्ह बंद होत असलेला, दुसरा उघडू लागलेला. उलटं दिसलं तर क्रँक अजून एक फेरा फिरवा, एक नंबर खऱ्या कॉम्प्रेशनवर आणा, आणि या जागेवर पंपाची खूण जुळते का ते बघा. नसेल जुळत तर पंप काढून बसवावा लागेल. चार सिलिंडरच्या या गाड्यांचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असतो, पाइप त्याच क्रमानं आहेत का तेही मोजा.

टॅपेट कव्हर निघालंच आहे तर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवून घ्या. हेड बसवल्यावर टॅपेट घट्ट राहिले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन तिथूनच जातं. गॅप किती ठेवायचा हे तुमच्या इंजिनच्या पुस्तकातून घ्या, शेजारच्या गाडीचा आकडा लावू नका.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं हे सगळं लिहायला बसलो. काटोलकडचे एक काका टेम्पोवर पिकअप लादून घेऊन आले. संत्रा तोडून बागेत ढीग लागला होता.

"काका, काय काय खोललं होतं?"

"हेड उतरवलं होतं बाप्पा. गाडी पाणी खाऊन राहिली होती. नोझल बी पंप-नोझल दुरुस्तीवाल्याकडं देले होते. आता सेल्फ जोरात घेऊन राहिली, पांढरा धूर बी देऊन राहिली, पण पकडूनच नाही राहिली. मिस्त्री म्हणते, हेड परत खोलावं लागन."

हेड परत खोलायचं म्हणजे पुन्हा गॅसकेट, पुन्हा मजुरी, पुन्हा चार दिवस. टायमिंग बरोबर होतं, टॅपेट बरोबर होते. मग नोझलच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं आणि सेल्फ मारला. दोन नोझलच्या बाजूनं फुसफुस बुडबुडे निघाले. नोझल काढून टॉर्चनं भोकात बघितलं तर तळाशी जुना तांब्याचा वॉशर चिकटलेला, काजळीत काळा झालेला, आणि त्याच्यावर नवीन वॉशर बसवलेला. नोझल निघताना जुना वॉशर कधी कधी हेडमध्येच राहतो. दुसरा वर बसला की नोझल उंच आणि तिरका राहतो, कॉम्प्रेशन बाजूनं सुटतं आणि डिझेलचा फवारा पिस्टनच्या खड्ड्यात न पडता भलतीकडं पडतो. टोक वाकवलेल्या तारेनं जुने वॉशर ओढून काढले, बैठक पुसली, प्रत्येक भोकात एकच नवीन वॉशर टाकला, आणि क्लँप दोन्ही बाजूंनी सारखा कसला. गाडी दुसऱ्या सेल्फला उठली. काका तिथून सरळ बागेकडं गेले.

म्हणून हेडचं काम झालेल्या गाडीत, हेडला परत पाना लावण्याआधी, नोझल काढून भोकात टॉर्च मारा.

एवढं करूनही पांढरा धूरच असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. डिझेलचं गेज लागतं, पेट्रोलच्या गेजवर तेवढे आकडेच नसतात. चांगल्या इंजिनला दर चौरस सेंटिमीटरला साधारण २५ ते ३० किलो येतात. सगळीकडं २० च्या खाली असेल तर थंड इंजिन पकडणार नाही. नवीन रिंग बसायला थोडा वेळ लागतो, त्यामुळं नुकत्याच बांधलेल्या इंजिनचा आकडा किंचित कमी असतो, पण चारही जवळपास सारखे हवेत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर पडलेले असतील तर त्यांच्या मधलं गॅसकेट गेलं. एकच पडला असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. हेडचं फेसिंग केलं असेल, म्हणजे तळ घासून सपाट केला असेल, तर गॅसकेट कोणत्या जाडीचं टाकलं तेही विचारा. डिझेलची गॅसकेट बऱ्याच इंजिनांसाठी वेगवेगळ्या जाडीत येतात आणि जाडी कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. जाड पडलं तर कॉम्प्रेशन कमी, पातळ पडलं तर पिस्टन हेडला लागायची भीती.

धूर काळा असेल तर हवा कमी पडते आहे. एअर फिल्टरची नळी काढून मॅनिफोल्डमध्ये हात घाला. काम करताना भोकात कचरा पडू नये म्हणून कोंबलेला कपडा तिथं सापडतो.

गार असताना पकडते, गरम झाली की नाही

ही उन्हाळ्याची तक्रार. पंप आतून झिजला असेल तर तापलेलं, पातळ झालेलं डिझेल आतल्या आतच सुटतं आणि सेल्फच्या गतीवर नोझल उघडण्याएवढा दाब तयार होत नाही. इंजिन नवीन बांधलं तरी पंप जुनाच असतो, म्हणून मालकाला वाटतं की इंजिनच्या कामात खोट राहिली. ओला कपडा पंपावर गुंडाळा, दहा मिनिटं थांबा, सेल्फ मारा. पकडली तर पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्याकडं जा, इंजिनला हात लावू नका. तापलेल्या पंपावर बादलीनं पाणी ओतू नका, आतले भाग अगदी बारीक मापाचे असतात, अचानक आकसले की अडकतात.

स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा हवेच्या नळीला लावून गाडी उठवणं मी माझ्याकडं होऊ देत नाही. हीटर प्लगच्या गाडीत तो भडका बाहेर येऊ शकतो, आणि नवीन रिंगा अवेळी बसलेल्या धक्क्यानं तुटतात. ज्या इंजिनसाठी कर्ज काढलं, त्याला पहिल्याच दिवशी हे करू नका.

पहिला स्टार्ट आणि त्यानंतर

पहिल्या स्टार्टच्या आधी स्टॉप ओढून ठेवा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. नवीन बेअरिंगला ऑइल पोचल्याशिवाय इंजिन उठवायचं नाही. नवीन ऑइल फिल्टर उभा बसत असेल तर आधीच ऑइलनं भरून लावा. पंपाचं काम झालं असेल तर हवेच्या नळीचं तोंड पूर्ण झाकेल अशी सपाट फळी जवळ ठेवा. पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली पट्टी) अडकली तर इंजिन आपोआप रेस होत सुटतं, चावी काढूनही थांबत नाही, तेव्हा हवा बंद करणं एवढाच मार्ग उरतो. कपडा वापरू नका, तो आत ओढला जातो. हातही लावू नका.

इंजिन उठलं की ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच काढून ठेवा आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते बघा. सुरुवातीचे थोडे आतली हवा निघण्याचे असतात, दहा मिनिटांनीही येत राहिले तर गॅसकेट नीट बसलं नाही. डिझेलचा प्रत्येक नट, प्रत्येक बँजो कोरड्या कपड्यानं पुसून पाच मिनिटांनी परत बघा.

मिस्त्रीशी भांडू नका, त्याला बोलवून सोबत उभं करा. कोणता बोल्ट कुठून काढला हे त्यालाच आठवतं. "मिस्त्री, तुम्ही काय काय खोललं ते एकदा माझ्यासोबत क्रमानं बघू" असं म्हटलं तर बहुतेक जण मनापासून मदत करतात. काढलेले जुने भाग मागून घ्या, जुने नोझल वॉशर मोजून घ्या: चार काढले असतील तर चार दिसले पाहिजेत.

पहिले काही दिवस अर्धाच माल भरा. चढावर गाडी दाबून ओढू नका आणि एकाच स्पीडवर लांब पल्ला मारू नका, रिंगा वेग बदलत चालवल्यानंच बसतात. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि त्याच दिवशी इंजिन थंड असताना टॅपेट पुन्हा तपासा. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात हेडचे बोल्ट परत कसायला सांगितलं असेल तर तेही त्याच दिवशी, दिलेल्या क्रमानं आणि टॉर्क पान्यानं.